खिंडीपर्यंत मागं बघायचं नाही

आमच्या घरामागून डोंगरपायथ्याची जी वाट जाते, तिच्यावर हल्ली रविवारी सकाळी रंगीत बूट घातलेली पोरंपोरी दिसतात. पाठीवर पिशव्या, हातात दुमडता येणाऱ्या काठ्या. औंढ्याला नागनाथाचं दर्शन घ्यायचं आणि मग डोंगर चढायचा, असा त्यांचा बेत असतो. मला ओसरीवर बसलेली बघून एखादी विचारते, "आजी, खिंडीकडं हीच वाट का?" मी सांगते, "हीच. पण ओढ्यापाशी डावी धर. उजवी मेंढरांची आहे, ती चरत चरत जाते, तुला वेळ होईल." तिला वाटतं, म्हातारीची ही ऐकीव माहिती. त्या वाटेवर मी दोन वर्षं रोज चालले आहे, आणि तेही अनवाणी, हे तिला सांगत बसत नाही. सांगायला लागले तर तिची चढण दुपारवर जाईल. कधी कधी त्यांच्याबरोबर पट्टा बांधलेलं कुत्रंही असतं, मालकिणीच्या पायात घोटाळणारं. "बघा ना आजी, एक मिनिट सोडत नाही मला," असं ती कौतुकानं म्हणते. मी हसून मान हलवते. मनात म्हणते, बाई, आमच्या घरी हे कुत्रं नापास झालं असतं.

मी सातवी पास झाले त्याच वर्षी बाच्या गुडघ्यानं दगा दिला. पुढची शाळा औंढ्याला होती आणि साठसत्तर मेंढरं, दहा शेळ्या दारात होत्या. दोघी थोरल्या बहिणी लग्न होऊन गेलेल्या. बा कळपामागं यायचा, पण काठी टेकत, मागून. पुढं चालायला चालते पाय हवे होते, आणि ते घरात माझेच होते. मी रडले. तेव्हा माय म्हणाली, "शाळा कुठं पळून चालली? तितं भिंती हायेत, जागच्या हलत न्हाईत. डोंगरात दोन वर्सं काढ, तितं मास्तर मारत बी न्हाई." पुढं मी खरंच शाळेत परत गेले आणि तीस वर्षं मास्तरीणच झाले. वर्गातल्या पोरांना मी कधी हात लावला नाही, त्याचं श्रेय मायच्या त्या वाक्याला द्यायला हरकत नाही.

घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रे, आणि अंगणाला लागून काट्याचं वाडगं, म्हणजे मेंढरांचं कुंपण. घरापेक्षा वाडगं मोठं होतं आणि त्याची निगाही घरापेक्षा जास्त राखली जायची. पहाटे जाग यायची ती मेंढरांच्या खोकण्यानं. मेंढरू अगदी माणसासारखं खोकतं. नवा पाहुणा मुक्कामाला असला की तो दचकून उठून बसायचा, म्हणायचा, बाहेर कोण म्हातारं आलंय? मग मायच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग बाचा घसा साफ करण्याचा. चुलीवर येसराची आमटी रटरटायची. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. आमच्या भागात ज्या घरात येसर संपलं त्या घरात बाई नाही, असं म्हणतात. मायच्या येसराचा वास ओढ्यापर्यंत यायचा. अजूनही सुनेनं ते भाजायला घेतलं की मी उगाच स्वयंपाकघरात दोन चकरा मारते, आणि ती मला चव बघायला न सांगता चमचा पुढं करते.

आमच्या घरात कुत्र्याचा कायदा माणसाच्या कायद्याहून कडक होता. पिल्लू डोळे उघडायच्या आत आणायचं आणि व्यालेल्या मेंढीच्या कासेला लावायचं. ते मेंढीचं दूध पिऊन, कोकरांच्या उबेत वाढायचं. त्याचं खाणं वाडग्यातल्या दगडी कुंडीत, संध्याकाळी एकदा, ताकात कुस्करलेली भाकरी. कुणी हातानं भरवायचं नाही, घरात घ्यायचं नाही, अंगावरून हात फिरवायचा नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नाव ठेवायचं नाही. वर्षाचं झालं की त्याला सोडून बघायचं. ज्या माणसावर त्याचा जीव असेल त्या माणसानं भर दुपारी चरत्या कळपातून उठायचं आणि खिंडीची वाट धरायची. हाक मारायची नाही, हाकलायचं नाही, खिंडीपर्यंत मागं बघायचं नाही. कुत्रं मागून आलं तर ते माणसाचं. ते देऊन टाकायचं. कळपापाशी थांबलं तर ते मेंढरांचं, आणि मग त्याला नाव मिळायचं. हा कायदा उगाच नव्हता. माझ्या लहानपणी एक देखणं कुत्रं लाडानं वाढलं होतं. बा बाजाराला निघाला तर ते वाडगं सोडून त्याच्यामागं गेलं आणि त्या एका सकाळी लांडग्यानं तीन कोकरं नेली. ती तीन कोकरं आमच्या घरात बरीच वर्षं जेवणाच्या वेळी आठवली जात.

आमचं त्या वर्षीचं पिल्लू पिवळसर होतं, पुढचा एक पाय गुडघ्यापर्यंत पांढरा. कळपाच्या मागून ते असं चालायचं, की गावात पूर्वी पोलिसांचा जमादार यायचा त्याचीच आठवण व्हावी: मान किंचित वाकडी, सगळ्यांवर संशय, आणि घाई कशाचीच नाही. मी त्याचं नाव जमादार ठेवलं. ओढा ओलांडल्यावर, बा बराच मागं असला म्हणजे, हळूच म्हणायची, "जमादार, समद्या हायेत का?" तो कान हलवायचा. मी तेरा-चौदा वर्षांची, दिवसभर डोंगरात बोलायला कुणी नाही. एक गुन्हा केला की दुसरा आपोआप होतो. माझ्या फडक्यात दोन भाकरी, ठेचा आणि कांदा असायचा. त्यातल्या भाकरीचा चतकोर जमादाराच्या तोंडात जाऊ लागला. माझ्या हातून.

त्याच्याबरोबर मी ती वाट शिकले. ओढ्यापासून सीताफळीच्या झुडपांतून वर, मग काळ्या खडकांचा टप्पा, तिथं कुसळं पायात भरतात. पुढं पळसाचं रान, आणि त्याच्यावर खिंड. खिंडीतून नीट बघितलं तर लांब खाली औंढ्याच्या देवळाचं शिखर दिसतं. कुठल्या दगडाखाली सापाची कात पडते, कुठल्या झाडाखाली दुपारची सावली सरकत नाही, पाण्याचा झरा कुठल्या महिन्यात कुठं सरकतो, हे सगळं जमादाराला आधी कळायचं आणि मग मला. तो नाक खाली घालून थांबला की मी थांबायची. मेंढरं चरत फुटली की तो लांबून फेरी घेऊन त्यांना गोळा करायचा, भुंकायचा नाही. मला मात्र आतून सारखी टोचणी असायची, की हे पोरगं माझ्यामुळं बिघडतंय. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी असंही वाटायचं, की बिघडू दे. जगात कुणीतरी मेंढरांपेक्षा मला जास्त मानावं.

फाल्गुनात कुरुंद्याचे नारायणमामा आले. आमची मेंढरं खतासाठी त्यांच्या रानात बसायची, तेव्हापासूनचा घरोबा. हळद शिजवून वाळत घातली होती आणि राखणीला त्यांना कुत्रं हवं होतं. अंगणात खाटेवर बसून त्यांनी पिशवीतून साखळी काढून खाली ठेवली. नवी, जाड साखळी. बा म्हणाला, "उद्या सोडून बघतो. मागं आलं तर घेऊन जा. न्हाई आलं तर तुमाला उगीच तकलीफ." मामा जमादाराकडं बघून म्हणाले, "बराबर. पण अंगानं लई चांगलं हाय हो. आमच्या खळ्यावर बांधून ठिवलं तर माणूस फिरकायचा न्हाई." बांधून, हा शब्द मी ऐकला. ज्यानं जन्मात दोरी पाहिली नाही, त्याला खुंट्याभोवती फिरताना मी डोळ्यांपुढं पाहिलं.

"चालत कोण जायचं?" मी विचारलं.

बानं माझ्याकडं बघितलं. "तू."

"काहून मी? त्याचा जीव तुमच्यावर हाय."

"कौसे," बा शांतपणे म्हणाला, "चार महिने झाले, रोज सांजच्याला कुंडीत चतकोर भाकर उरून राहिली. कुत्र्याचं पोट कुणी भरलं, ते मला कळत न्हाई व्हय?"

मी मान खाली घातली. माय चुलीपाशी होती. पण सकाळी निघताना तिनं माझ्या हातात रिकामं फडकं दिलं. "आज भाकर न्हाई बांधली. भुकीनं जा. तुज्या अंगाला भाकरीचा वास नको." मग दारापर्यंत येऊन पुन्हा म्हणाली, "तोंड धुऊन जा. हात बी घास राखेनं." मी हात राखेनं इतके घासले की ते पांढरे पडले. पण लावलेली सवय राखेनं निघणार होती थोडीच!

ओढ्यापाशी एक मेंढी व्याली. पहिलटकरीण होती, तिनं मागं वळून कोकराकडं बघितलं, काहीतरी भलतंच झाल्यासारखी दचकली आणि सरळ चरायला निघून गेली. अशा वेळी आमच्यात कुणी कुणाला काही सांगत नाही. बानं शेळीची धार कोकराच्या तोंडात सोडली, मी ते पुसून घोंगडीच्या खोळीत घातलं आणि खोळ छातीशी बांधली. आमच्या घरातल्या बाईच्या अंगावर कोकरू असणं म्हणजे अंगावर लुगडं असण्यासारखंच. पोट भरलेलं ते गाढ झोपलं, आणि मी ते विसरले. बासुद्धा विसरला. जमादार तेवढा चालताना दोनदा माझ्या अगदी जवळ आला, आणि मला वाटलं, भाकरी शोधतोय. मी त्याला कोपरानं ढकललं.

दुपारी मेंढरं पळसाच्या रानाखाली पांगली. पळस नुसता लाल झाला होता. नारायणमामा दगडावर बसले, साखळी त्यांच्या मांडीवर. बानं काठी वर केली. तीच निघायची खूण. मी उठले आणि खिंडीची वाट धरली.

पहिली वीस पावलं माझ्या कानात माझंच काळीज वाजत होतं. मग मागं पाचोळा वाजला. पळसाचं वाळलेलं पान पायाखाली कसं वाजतं, ते त्या रानात फिरलेल्यालाच कळेल. माणसाचं वेगळं, शेळीचं वेगळं, कुत्र्याचं वेगळं. हे कुत्र्याचं होतं. हलकं, चार पायांचं, बेतानं चाललेलं. मी हाकलू शकत नव्हते. मनात म्हणत होते, मागं फिर रे बाबा, मागं फिर. आणि हेही लिहून ठेवते, की त्या आवाजानं माझ्या अंगावर आनंदाचा काटाही आला. तो आला! माझ्यासाठी आला! पुढच्याच पावलाला साखळी आठवली आणि त्या आनंदाची मला शरम वाटली. खालून बाचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे कौसे. आलं ते."

मी खडकावर बसले. आता तो माझ्या हाताला नाक लावणार, भाकरी मागणार, आणि बा ते खालून बघणार. जमादार आला. त्यानं माझ्या हाताकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्या छातीशी नाक घुसवलं, खोळीचं तोंड नाकानं उघडलं आणि आत झोपलेल्या कोकराचा कान चाटला. मग वळून खाली पांगलेल्या मेंढरांकडं बघितलं, पुन्हा खोळीकडं, पुन्हा खाली, आणि घशातल्या घशात कुंई केलं. आजवर त्यानं असा आवाज कधी काढला नव्हता. एक जीव इथं आणि बाकीचे तिथं. आता राखायचं कुणाला, हा त्याचा पेच होता. माझा त्यात कुठंच संबंध नव्हता. मी फक्त कोकराची घोंगडी होते.

कुणाला वाटेल, मला वाईट वाटलं असेल. वाटलं, दोन श्वास. मग असं काही भरून आलं, की मी मोठ्यानं हसले. चार महिने चतकोर चतकोर भाकरी खाऊनही हा गडी बिघडला नव्हता! सकाळपासून तो माझ्या अंगाला येत होता तो भाकरीसाठी नव्हे, तर आजच जन्मलेलं एक जनावर त्याच्या हिशेबात जमा झालं होतं म्हणून. आम्ही दोन माणसं ज्याला विसरलो, त्याला तो विसरला नव्हता.

बा काठी टेकत वर आला, त्याच्यामागं नारायणमामा. बाचा चेहरा उतरला होता. मी म्हणाले, "बा, ते माझ्यामागं न्हाई आलं."

"मग कुणामागं आलं?"

मी खोळ सोडून दाखवली. बानं कपाळावर हात मारून घेतला. नारायणमामा म्हणाले, "आता हे कसं मोजायचं? पोरीमागं आलं का कोकरामागं आलं, कुत्रं सांगत न्हाई. एकदा सोडून बघितलं म्हंजे बघितलं."

कायद्यानं मामांचं म्हणणं खरं होतं. दुसऱ्यांदा सोडून बघायची आमच्यात रीत नव्हती, आणि बा रीतीबाहेर जाणारा माणूस नव्हता. मामांच्या हातात साखळी खळखळली. मी कुणाला विचारलं नाही. खोळीतून कोकरू काढलं, वाटेवरच्या सपाट दगडावर ठेवलं, बाच्याकडं पाठ केली आणि खिंडीकडं चालू लागले. "कौसे!" अशी बाची हाक आली. मी वळले नाही. जन्मात बाची हाक मी तेवढी एकदाच मोडली.

मी पावलं मोजत होते. दहा. वीस. पाचोळा माझ्याच पायाखाली वाजत होता. कोकरू उठून बारीक ओरडलं. चाळीस. मी इतकी कान देऊन चालत होते, की वाऱ्यानं पळसाचं फूल गळून पडलं तरी मला ऐकू आलं. साठ. ऐंशी. मागं काही नाही. मायनं ज्या हाताला राख लावायला सांगितली होती, तो हात उघडाच बाजूला लोंबत होता, आणि त्याला कुणाचं नाक लागलं नाही. खिंडीत पोचले तेव्हा मला धाप लागली होती. लांब देवळाचं शिखर उन्हात चमकत होतं. मी तिथं उभी राहून रडले, नागनाथाकडं तोंड करून. तेव्हाच्या माझ्या मनात अभिमान जास्त होता की एकटेपणा, असं मला नंतर एकदा लेकीनं विचारलं होतं. अभिमान, बाई. एकटेपणा संध्याकाळी आला.

मग मी वळून बघितलं. आता मुभा होती.

जमादार दगडाभोवती अंग वळवून बसला होता. कोकरू त्याच्या पांढऱ्या पायावर तोंड ठेवून होतं. नारायणमामांनी वाकून कोकराला हात लावायला बघितलं, तर त्यानं नुसते दात दाखवले. मामा दोन पावलं मागं सरकले. मी खाली आले. मला बघून जमादारानं शेपटीचं टोक तेवढं हलवलं, उठला नाही.

मामांनी साखळी पिशवीत घातली. "राहू द्या. हे आमच्याकडं टिकायचं न्हाई. हे हळदीला भुंकायचं न्हाई, हे मेंढरासाठी रडून राहील." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, तू लई कठीण काळजाची हायेस."

"कठीण न्हाई," बा म्हणाला. तो मामांशी बोलत होता, पण बघत होता माझ्याकडं. "माझी हाय ती." बाच्या तोंडून मी माझ्याबद्दल असं काही त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही फारसं नाही. तेवढं मला पुरलं आहे. पुढं अध्यापनाची पदविका मिळाली तेव्हाही इतकं उंच वाटलं नव्हतं.

मग बानं विचारलं, "नाव काय ठिवलंस त्याचं?"

मी म्हणाले, "नाव कुठं ठेवलं?"

"ओढ्याच्या पल्याड तुला कुणाशी बोलताना ऐकतो मी. म्हातारा झालो, बहिरा न्हाई झालो."

"जमादार," मी म्हणाले. मोठ्यानं, पहिल्यांदाच. बा हसला, गुडघा धरून हसला. "बराबर हाय. चालतं बी तसंच." त्यानं हाक मारली, "चल जमादार." जमादार हलला नाही. बाला पुन्हा हसू आलं. मग तो वाकला, कोकरू उचललं आणि माझ्या नव्हे, स्वतःच्या घोंगडीच्या खोळीत घातलं. तेव्हा कुठं जमादार उठला, अंग झाडलं आणि खोळीकडं नजर ठेवून बाच्या बाजूनं कळपाकडं उतरू लागला. माझ्याकडं त्यानं वळून बघितलं नाही.

त्या दिवसानंतर मी त्याला हातानं कधी भरवलं नाही. त्याची गरज उरली नव्हती, आणि तसा मला हक्कही उरला नव्हता. पण घरी परत जातानाचं ते चालणं मला अजून लख्ख आठवतं. पुढं मेंढरं, मग लंगडत बा, त्याच्या बाजूला मान वाकडी करून जमादार. रोज तो माझ्या मागून यायचा. त्या दिवशी सगळ्यांच्या मागं मी होते, रिकाम्या पोटानं, राखेनं पांढरे झालेले हात हलवत, आणि ओढा येईपर्यंत मी मान एकदाही खाली घातली नाही.